घर ते वॉर्ड

आमच्या हॉस्पिटलात नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या आठवड्यात काका त्याच्या घरी जायचे. आमंत्रण नसताना. नर्स असो, आया असो, एक्स-रेवाला असो, ड्युटी संपायच्या वेळेला काका गेटवर उभे असायचे, "चला" म्हणायचे आणि त्याच्याबरोबर चालू लागायचे. तो माणूस टमटमने गेला तर टमटमने, बसने गेला तर बसने, आणि पुढे बांधावरून चालत गेला तर चालत. दारात पोचले की घड्याळ बघायचे, पाणी प्यायचे, घरात कोण कोण आहे ते विचारायचे आणि चहाचं आधण ठेवलेलं असतानाच परत फिरायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लांबट वहीत त्या माणसाचं पान उघडलं जायचं. वर पेन्सिलने लिहिलेलं असायचं, "घर ते वॉर्ड". त्याखाली वेळ. कोरड्या दिवसात किती, पावसात किती, बाजाराच्या दिवशी किती. त्याखाली बारीक अक्षरात बाकीचं. सासू अंथरुणाला खिळलेली. मुलगा दहावीला. नवरा जहाजावर, मार्चमध्ये येणार. नेरे गावाच्या पुढे राहणाऱ्या एका आयाच्या पानावर नुसतं एवढंच होतं, "पाऊस जास्त झाला की ओढा. येणार नाही. रागावू नये."

ही वही बघून काका सगळ्या हॉस्पिटलच्या ड्युट्या लावत.

मी तिथे एच.आर.मध्ये लागले, तेव्हा माझं टेबल त्यांच्याच खोलीत होतं. पहिल्याच आठवड्यात ते मला "चल" म्हणाले. मी म्हटलं, आज मावशीकडे जायचंय. दुसऱ्या दिवशी मला क्लास होता, तिसऱ्या दिवशी बरं नव्हतं. यातलं काहीच खरं नव्हतं. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही, पण घरी कोणी आलेलं मला आवडत नाही. शाळेतल्या मैत्रिणीही कधी फारशा आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी निघाले आणि नाक्यावर वळून बघितलं, तर काका दहा पावलं मागे होते.

"तुला बोलायचं नसंल तर नको बोलू," ते म्हणाले. "मला फक्त रस्ता बघायचाय."

नवीन पनवेलला आमच्या बिल्डिंगच्या खाली त्यांनी घड्याळ बघितलं आणि वर न येताच गेले. दोन दिवसांनी ते जेवायला गेले असताना मी माझं पान वाचलं. "बावीस मिनिटं. पण तिला तीस लागतात. भरलेल्या रिक्षात बसत नाही, दोन सोडते." मला आधी राग आला. हे माझ्या आईलाही माहीत नव्हतं. आणि त्यानंतर माझी कामाची वेळ साडेनऊची होती ती कागदावर पावणेदहाची झाली, त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

काका उरणकडच्या एका गावातले. जन्मभर बसच्या आगारात ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युट्या लावायचं काम केलेलं. निवृत्तीनंतर एकदा कुणा नातेवाइकाला बघायला आमच्या हॉस्पिटलात आले असताना त्यांनी भिंतीवर लावलेला नर्सेसच्या ड्युटीचा कागद वाचला. त्यात त्यांना चुका दिसल्या. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी त्या दुरुस्त केल्या. तेव्हाच्या मेट्रनने त्यांना वॉर्डातून जवळजवळ हाकलून दिलं. पण दुरुस्त केलेला कागद तसाच राहिला आणि त्या आठवड्यात म्हणे एकाही वॉर्डातून माणूस कमी पडल्याचा फोन आला नाही. मग डायरेक्टर मॅडमनी नातेवाइकाच्या केस पेपरवरून पत्ता शोधून त्यांना बोलावून घेतलं. मॅडम स्वतः सर्जन. सगळ्यांना धारेवर धरायच्या, पण काकांशी बोलताना त्यांचा आवाज उतरायचा.

हॉस्पिटल आलं तरी काकांच्या डोक्यातलं आगार गेलं नव्हतं. मेल मेडिकल म्हणजे लांब पल्ला. सर्जरी म्हणजे घाट. ओपीडी म्हणजे शहर सेवा, थांबे भरपूर आणि सुट्ट्या पैशांवरून भांडणं. प्रसूतीचा वॉर्ड म्हणजे जत्रेची जादा गाडी, कधी सुटेल सांगता येत नाही. "घाट मारून आलेल्याला लगेच परत घाट देऊ नये," असं ते म्हणायचे, आणि सर्जरीत आठवडा काढलेल्या नर्सला पुढचा आठवडा ओपीडीत टाकायचे. नर्सेस त्यांना मागे कंट्रोलर म्हणायच्या आणि तोंडावर काका. मी सुरुवातीला सर म्हणायचे. "सर शाळेत," ते म्हणाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी त्यांच्यासाठी "बाय" होते, आमच्या पट्ट्यात लेकीला म्हणतात तसं.

त्यांची दोन ठिकाणं ठरलेली होती. एक म्हणजे वॉर्डातलं स्टीलचं स्टूल. आठवड्यातून एकदा ते एकेका वॉर्डात जाऊन कोपऱ्यात स्टुलावर डोळे मिटून दोन तास बसत. नवीन डॉक्टरांना वाटायचं म्हातारा झोपलाय. एकदा एका डॉक्टरने हसत हसत विचारलं, काका, उशी देऊ का? काकांनी डोळे न उघडता सांगितलं, "बेल अठरा वेळा वाजली. चार वेळा कुनी गेलं नाय. त्यातली एक तुमच्या पेशंटची होती." दुसरं ठिकाण म्हणजे गेट. शिफ्ट संपल्यावर दहा मिनिटांत नर्स बाहेर पडली नाही, तर काका स्वतः वॉर्डात जाऊन तिच्या हातातला ट्रे काढून घ्यायचे. सिस्टर म्हणायची, काका, एवढं सलाइन लावते आणि जाते. ते म्हणायचे, "गाडी आगारात आली पायजे. नायतर उद्या सुटनार कशी?"

त्यांच्या या हट्टामागे काहीतरी असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. एकीने मला सांगितलं की आगारात त्यांनी एका ड्रायव्हरला डबल ड्युटी दिली होती आणि गाडी दरीत गेली. दुसरीने सांगितलं की त्यांचा स्वतःचा भाऊच ड्रायव्हर होता. धीर करून मी एकदा विचारलं. काका जेवत होते. त्यांच्या डब्यात रोज सुकट असायची आणि त्या वासाने अर्धा मजला नाक धरायचा.

"सगळं खोटं हाय," ते म्हणाले. "मला आकडेमोड आवडते. काही लोक शब्दकोडं सोडवतात, मी ह्ये सोडवतो."

मी अजूनही तेच खरं मानते.

माझं काम त्यांच्या उलट होतं. मी हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकून आले होते, आणि ड्युट्या कॉम्प्युटरवर लावायचं नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं ते चालू करायला मला नेमलं होतं. त्याशिवाय दर महिन्याला एक तक्ता भरायचा. पेशंट सरासरी किती दिवस राहतात, बेल वाजल्यावर कोणी किती वेळात पोचतं, बेडवरून किती जण पडले, औषधाच्या किती चुका झाल्या, किती नर्सेस सोडून गेल्या. आमचे आकडे चांगले होते. आसपासच्या हॉस्पिटलांत नर्सेस टिकत नव्हत्या, आमच्याकडे वर्षानुवर्षं त्याच होत्या, आणि आमच्याकडे पगार काही जास्त नव्हता. तक्त्यात शेवटी कारणाचा एक रकाना होता. त्यात मी "उत्तम नेतृत्व" असं लिहिलं. कॉलेजात ते चालायचं.

काका सॉफ्टवेअरवर रागावले नाहीत. स्क्रीनसमोर बसून त्यांनी शांतपणे सगळं बघून घेतलं आणि एकच विचारलं, "ह्यात ओढा कुठं टाकायचा?" तो टाकायला जागा नव्हती.

मग प्रगती माझ्याकडे आली. प्रगती म्हणजे फिमेल मेडिकलची नर्स, उरणच्या बाजूच्या एका गावातली. त्या गावातल्या पाच जणी आमच्याकडे होत्या आणि पाचही जणींचं आडनाव एकच. त्यांच्याच गावच्या एकाची व्हॅन होती. पाचही जणींची शिफ्ट एक असती, तर व्हॅनने घरापासून गेटपर्यंत येता आलं असतं. पण काका त्यांना कधीच एकत्र ठेवत नसत. एक सकाळी, दोन दुपारी, एक रात्री, एक सुट्टीवर. मग एकेकीने नाक्यावर उभं राहायचं, टमटम बदलायच्या, दुपारची ड्युटी संपल्यावर अंधारात गावच्या फाट्यापासून आत एकटीने चालायचं. कारण विचारलं तर काका म्हणत, "आगाराचा नियम हाय."

"मॅडम, त्यांना नाय कळनार," प्रगती म्हणाली. "बाप्या मानूस तो. तुमी मुलगी हायत. तुमाला कळतं ना, एकटीनं चालायला कसं वाटतं?"

मला चांगलंच कळत होतं. त्या हॉस्पिटलात कोणीतरी मला आपल्यातली समजून काही मागत होतं, हेही पहिल्यांदाच घडत होतं. मी बघते म्हटलं.

पुढच्या आठवड्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस सुट्टीवर गेले. ही सुट्टी त्यांनी तीन महिने आधी लावून ठेवली होती. जाताना ते पुढच्या दोन आठवड्यांचा चार्ट पेन्सिलने करून गेले. मी तो बाजूला ठेवला आणि सॉफ्टवेअरवर नवा केला. पाचही जणींना एका गटात घातलं आणि सकाळची शिफ्ट दिली. वॉर्ड कोणी कुठला घ्यायचा ते सॉफ्टवेअरने स्वतः भरलं, आणि ते भरताना त्याने आडनावांच्या क्रमाने भरलं. आडनाव एक, म्हणून पाचही जणी एका वॉर्डात. फिमेल मेडिकलमध्ये. मी प्रत्येक वॉर्डाची बेरीज तपासली. हव्या तितक्या नर्सेस होत्या. सगळ्या चौकटी हिरव्या झाल्या. पाच जणी सकाळी गेल्यामुळे रात्रीची जी तूट पडली ती मी बाकीच्यांच्या रात्री वाढवून भरून काढली. नसीमा सिस्टरला सलग चार रात्री आल्या. ती पनवेल शहरातच, हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर राहायची. तिला काय अडचण, असं मला वाटलं.

आठ दिवस फार छान गेले. पाच जणी गेटपाशी व्हॅनमधून हसत उतरायच्या. प्रगतीने मला अबोलीचा गजरा आणून दिला. मी तो केसात न माळता टेबलावर ठेवला, पण घरी जाताना पर्समध्ये घालून नेला.

नवव्या दिवशी सकाळी बंदराच्या रस्त्यावर एक कंटेनर आडवा झाला. मागे गाड्यांची रांग लागली आणि त्या रांगेत व्हॅन. फिमेल मेडिकलमध्ये सकाळची एकही नर्स आली नाही.

बाकीच्या वॉर्डांत एखादी कमी असती तर इकडून तिकडून भागलं असतं. पण एक अख्खा वॉर्ड रिकामा कसा भागवायचा, ते मला माहीत नव्हतं. रात्रीची नसीमा सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी, दोघीच होत्या. मी नसीमाला वॉर्डच्या फोनवर सांगितलं, सिस्टर, अर्धा तास थांबाल? तुम्ही जवळच राहता. ती थांबते म्हणाली. अर्ध्या तासाने मी परत तेच सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळेस तिने नुसता फोन ठेवला.

तिने सकाळी एका म्हाताऱ्या बाईंना इन्शुलिन दिलं होतं. बाई कोन गावच्या होत्या. इंजेक्शन देऊन सही करायच्या आत दुसरीकडची बेल वाजली आणि ती धावली. अडीच तासांनी औषधांचा कागद हातात घेतला, तर सहीची जागा कोरी. तिने पुन्हा इन्शुलिन दिलं. सिरिंज टाकतानाच तिच्या लक्षात आलं. ती लपवालपवी न करता तिथूनच ओरडली, डॉक्टरांना बोलावलं, ग्लुकोज चालू केलं, आणि बाईंना दरदरून घाम फुटला तेव्हा त्यांचा हात धरून बसून राहिली. दुपारपर्यंत बाई बऱ्या झाल्या. संध्याकाळी त्यांनी चहा मागितला.

पण त्यांच्या मुलाने लेखी तक्रार केली. त्याचं काही चुकलं नव्हतं. डायरेक्टर मॅडमनी चौकशी लावली. तोपर्यंत नसीमाने कामावर यायचं नाही, असं ठरलं. चूक सिद्ध झाली तर नोकरी जाणार आणि नर्सिंग कौन्सिलला पत्रही जाणार. म्हणजे दुसरीकडेही कोणी घेणार नाही. आणि सिद्ध करायचं काय राहिलं होतं? तिने स्वतःच सांगितलं होतं.

ती आयकार्ड जमा करायला माझ्याकडे आली. नवरा आखातातून परत येऊन घरी बसला होता, दोन मुली शाळेत होत्या, हे मला वहीतून माहीत होतं. ती रडली वगैरे नाही.

"चौदा सालांत पहिली गलती," ती म्हणाली. "खुद्द मीच सांगितली. न सांगते तर कुणाला कळलं असतं?"

मी कार्ड घेतलं आणि पोचपावती लिहून दिली.

सुट्टी संपायला दोन दिवस होते, तरी काका आले. डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि वाचायची मनाई. ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, चार्ट वाचून दाखव.

मी स्क्रीनवरून वाचू लागले. प्रत्येक नावाला ते विचारत, आली कदी, गेली कदी. ओरडत नव्हते. पाच जणींची नावं एका वॉर्डात लागोपाठ आली तेव्हा त्यांनी फक्त मान एका बाजूला केली. मग नसीमाचं नाव आलं.

"आली कदी?"

"रात्री आठला."

"गेली?"

"सकाळी अकराला."

"किती झालं?"

"पंधरा तास."

"आन् त्याच्या आदल्या रात्री?"

"चौथी रात्र होती ती," मी म्हटलं. "सलग."

मी वाट बघत होते की आता ते मला बोलतील. मला ते बरंच वाटलं असतं.

"चूक झाल्याच्या फॉर्मात काय काय लिवायचं असतं?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. पेशंटचं नाव. औषधाचं नाव. वेळ. नर्सचं नाव. नर्सचं स्पष्टीकरण.

"नर्स किती तास उभी व्हती, त्याला जागा?"

"नाही."

"ड्युटी कुनी लावली, त्याला?"

"नाही."

"मागची बाजू?"

मी कागद उलटा केला. "कोरी आहे."

काका उठले आणि पाण्याचा ग्लास चाचपडत शोधू लागले. मी तो त्यांच्या हातात दिला. पाणी पिऊन ते म्हणाले, "मी सांगितलं तर मॅडम माझं ऐकतील. पन मग ती काकाची दया झाली. नसीमाला दया कशाला पायजे? तिला हिशोब पायजे. तो तुझ्याकडं हाय."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती त्यांना सांगायला जड जात होती, हे काळ्या चष्म्यामागूनही कळत होतं. "एका व्हॅनमदली मानसं एका वॉर्डात का घालत नाय, ते मी त्या पोरींना कदी सांगितलं नाय. तुलाबी नाय. आगारात कारन सांगायची पद्धत नसते. नियम हाय म्हनायचं, संपलं. पंधरा वर्सं मी ह्ये सगळं माझ्यापाशीच ठेवलं. मी पडलो चार दिवस, की सगळं पडलं. ही कसली ड्युटी लावली मी?"

मी त्या दिवशी फॉर्मची मागची बाजू भरली. पंधरा तास, चौथी रात्र, तीन फोन आणि त्यांच्या वेळा, पाच जणींचा एक वॉर्ड. भरून झाल्यावर दोनदा फाडावासा वाटला. मी ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करणारी मुलगी आहे. माझ्याबद्दल कोणी काही बोलू नये, एवढीच माझी लहानपणापासूनची इच्छा. आणि आता मी स्वतःच स्वतःबद्दल लिहीत होते.

चौकशी मॅडमच्या केबिनमध्ये झाली. मॅडम, नसीमा, मी. काका कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले, काळ्या चष्म्यासकट. मॅडमनी फॉर्मची पुढची बाजू वाचली, नसीमाला विचारलं हे बरोबर आहे का, ती हो म्हणाली. मॅडम फाइल मिटायला लागल्या. तेव्हा मला बोलावं लागलं.

"मॅडम, मागे पण आहे."

त्यांनी कागद उलटा केला. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. "हे काय आहे? तू कशाला मध्ये पडतेस?"

"ती ड्युटी मी लावली होती," मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक आला की मला पुन्हा सांगावं लागलं. "मी लावली होती. त्या आठला घरी जायला निघाल्या होत्या. तीन वेळा मी थांबवलं. त्या जवळ राहतात म्हणून. सही राहिली तेव्हा त्यांची ड्युटी संपत आली होती, आणि दुसरं इंजेक्शन दिलं तेव्हा संपून दोन तास झाले होते. त्या तिथे असायलाच नको होत्या."

मॅडम कोपऱ्याकडे वळल्या. "काका, हे तुम्ही लिहून दिलंत हिला?"

"मला तर सध्या वाचताबी येत नाय," काका म्हणाले.

नसीमा खाली बघत होती. तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला, तेवढंच.

मॅडमनी मग जे विचारलं ते डॉक्टर म्हणून विचारलं. पंधराव्या तासाला मी ऑपरेशन केलं असतं का, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. नसीमाचं कार्ड त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. कौन्सिलचं पत्र गेलं नाही. सही आधी, दुसरी बेल नंतर, अशी तिला समज दिली आणि ती तिने मान्य केली. मला लेखी मेमो मिळाला. माझ्या फाइलमधला तो पहिला आणि आजपर्यंतचा एकमेव कागद. त्या म्हाताऱ्या बाईंच्या मुलाकडे मॅडम आम्हा दोघींना घेऊन गेल्या. त्याने आम्हाला बसवलं नाही, पण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यापासून फॉर्ममध्ये दोन रकाने वाढले.

काळा चष्मा निघाल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते म्हणजे त्या पाच जणींना खोलीत बोलावलं. एका गाडीतल्या सगळ्या एका वॉर्डात घातल्या तर काय होतं, ते त्यांनी पेन्सिलने रेघा मारून समजावलं. प्रगती कंबरेवर हात ठेवून ऐकत होती.

"मंग ह्ये आदी नाय सांगायचं व्हतं?" ती म्हणाली. "आमी काय येड्या हाव?"

काका म्हणाले, "नाय. मी व्हतो." मग पाच जणींनीच बसून तोड काढली. दुपारच्या शिफ्टला सगळ्या एकत्र, म्हणजे अंधारात व्हॅन मिळेल. वॉर्ड मात्र पाच वेगवेगळे. सकाळची शिफ्ट आली तर एका आठवड्यात दोघी आणि दुसऱ्यात तिघी. काकांना पंधरा वर्षांत जे सुचलं नव्हतं ते त्यांनी अर्ध्या तासात केलं, आणि काकांनी ते वहीत उतरवताना खाडाखोड केली नाही.

नसीमा माझे आभार मानायला येईल असं मला उगाच वाटलं होतं. कामावर रुजू झाल्याच्या दिवशी ती आली खरी. तोवर ती मला मॅडम म्हणायची.

"पुढच्या हफ्त्यात माझ्या किती रात्री?" तिने विचारलं.

मी म्हटलं, एकही लावली नाही.

"का? मी काय बीमार आहे? लाव. पण तीनच. आणि चौथ्या दिवशी घरी फोन केलास तर मी उचलणार नाही, सांगून ठेवते."

मी बरं म्हटलं. हे माझ्याच्याने पाळलं जाईल असं मला वाटलं होतं. पण दोनेक महिन्यांनी एका रविवारी सर्जरीत दोन जणी तापाने पडल्या. मी आणि काका वही, स्क्रीन, सगळं घेऊन बसलो होतो आणि एक नर्स काही केल्या मिळत नव्हती. तिसरी रात्र करून नसीमा सकाळीच घरी गेली होती. दहा मिनिटांवर. मी काकांकडे बघितलं. मी नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. तो वाजत राहिला, वाजत राहिला आणि पूर्ण वाजून बंद झाला.

काका इतके खूश मला त्याआधी कधीच दिसले नव्हते.